डेप्टफर्डची वाहिनी : कागद आणि मेण

विद्युत्‌निर्मितीच्या इतिहासात जनित्रांची वर्णने विपुल आढळतात. वाहिनीच्या आवरणाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. डेप्टफर्डहून मध्य लंडनकडे १०,००० व्होल्ट दाबाची वीज नेताना सेबास्टियन द फेरांटी यांच्यापुढील खरा प्रश्न मात्र हाच होता. एकात एक बसविलेल्या तांब्याच्या दोन नळ्यांमध्ये त्यांनी ओझोकेराइट या खनिज मेणात भिजविलेला तपकिरी कागद घातला. मेण वितळविण्यास साधी उष्णता पुरे. विजेची गरजच नव्हती. नळ्या अवघ्या २० फुटी, म्हणून सांधे हजारो. तेही डाख न देता, शंकूसारखी कातलेली टोके एकमेकांत दाबून बसविलेले. १८९१ साली या वाहिनीतून नियमित पुरवठा सुरू झाला. बाहेरची नळी भूमीशी जोडलेली असल्यामुळे, प्रवाह चालू असताना वाहिनीत छिन्नी ठोकली तरी माणसास अपाय होत नाही, हे प्रयोगाने दाखविण्यात आले. छिन्नी धरली होती ती फेरांटींच्या एका साहाय्यकाने.