मातृभाषेचा रकाना

मला शाळेत घालायला अब्बा घेऊन गेले, तो दिवस मला अजून आठवतो. गाव लहान, शाळा मराठी. कारकुनाने माझं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं आणि पुढच्या 'मातृभाषा' या रकान्यात न विचारताच 'उर्दू' लिहून टाकलं. अब्बा शिकलेले नव्हते, पण रकाना कशाचा आहे ते त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, उर्दू आमच्या घरात कुणाला वाचताही येत नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी. नमाज अरबीतून पढतो. यातली कोणती लिहायची ते तुम्हीच सांगा." कारकून माणूस वाईट नव्हता. तो हसून म्हणाला, "चाचा, रकाना एकच आहे." आणि 'उर्दू' तसंच राहिलं.

पुढे बी. ए. करताना राज्यघटनेचं आठवं परिशिष्ट वाचनात आलं, तेव्हा मला तो रकाना आठवला. देशाचाही असाच एक रकाना भरला गेला होता आणि तो कसा भरायचा यावर तीन दिवस वाद झाला होता. आज त्या वादाच्या शेवटच्या दिवसाविषयी बोलायचं आहे.

तो दिवस म्हणजे १४ सप्टेंबर १९४९, बुधवार. ठिकाण दिल्ली, आज आपण जिला संविधान सदन म्हणतो ती जुनी संसदेची इमारत. त्या वेळी देशाची संसद आणि घटना समिती अशी दोन्ही कामं एकच सभागृह करत होतं. कायदे करायला बसलं की अध्यक्षपदी दादासाहेब मावळंकर असत, घटनेचं काम असलं की डॉ. राजेंद्रप्रसाद. भाषेचा विषय १२ तारखेला सभागृहापुढे आला. दुरुस्त्या शेकड्यांनी आल्या होत्या. राजेंद्रबाबूंनी आरंभीच सभासदांना बजावलं, की हा निर्णय नुसत्या बहुमताच्या जोरावर घेऊन भागणार नाही, तो साऱ्या देशाला मानवला पाहिजे. तेव्हा बोलताना कुणाचं मन दुखावू नका. घरात वाटणीचा विषय निघाला की वडीलधारा माणूस असंच काही बोलतो!

मसुदा मांडला गोपालस्वामी अय्यंगार यांनी. त्यामागे कन्हैयालाल मुन्शींचीही मेहनत होती, म्हणून तो मुन्शी-अय्यंगार तोडगा म्हणून ओळखला जातो. संघराज्याची राजभाषा नागरी लिपीतली हिंदी असेल, पण पंधरा वर्षं इंग्रजी चालू राहील, असा त्याचा गाभा होता. 'राष्ट्रभाषा' हा शब्द त्यात नव्हता आणि आजही तो घटनेत नाही. आपल्याकडे पुष्कळांना तो तिथे आहे असं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या तीन दिवसांचा वृत्तांत वाचताना मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथे माणसाच्या नावावरून त्याची भाषा ओळखता येत नव्हती. झाशीचे र. वि. धुळेकर. आडनाव आपल्या कानाला अगदी घरचं. पण हिंदीसाठी त्यांच्याइतका कडवा आग्रह धरणारे थोडेच असतील. आपल्या इथले शंकरराव देव उलट बाजूला. 'एक संस्कृती' या घोषणेतच धोका आहे, असा इशारा ते देत होते. बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र म्हणाले, राजभाषा संस्कृत करा. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते बंगालचेच नझिरुद्दीन अहमद! त्यांचं म्हणणं असं, की एका प्रांताची भाषा साऱ्यांवर लादण्यापेक्षा संस्कृत बरी; ती सर्वांनाच सारखी अवघड, म्हणजे अन्याय कुणावरच नाही. या युक्तिवादाला आपण हसू, पण त्यात न्यायाची एक समज होती. आणि यवतमाळचे वकील काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हिंदुस्थानीची मागणी केली, नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांसह. ही गांधीजींची भूमिका होती. आज गांधीजी असते तर काँग्रेस हिंदुस्थानीच्या बाजूने ठाम उभी राहिली असती, असं ते बोलून गेले. गांधीजी जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

सर्वांत जास्त ताणलं ते मात्र अंकांवरून. हिंदीबरोबर अंक नागरी लिहायचे की जगभर चालतात ते? दक्षिणेतल्या सभासदांना दुसरे हवे होते, हिंदीवाल्यांना पहिले. वास्तविक दोन्ही आपलेच. हे अंक इथून अरबांकडे गेले, नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने हिंदी गणनपद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे ते युरोपात पोचले. युरोप त्यांना 'अरबी अंक' म्हणतो, तर अरबीत त्यांना 'हिंदी अंक' म्हणतात. घेणाऱ्याने देणाऱ्याचं नाव राखलं, हे मला फार आवडतं. शेवटी घटनेत शब्द आले ते असे : 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप'. कारकुनी भाषेत याहून समजूतदार वाक्य मी वाचलेलं नाही.

१४ तारखेला मौलाना आझाद बोलायला उभे राहिले. उर्दू गद्याचा एवढा मोठा लेखक. पण त्यांनी बाजू मांडली ती हिंदुस्थानीची. हिंदी आणि उर्दू या दोघींनाही पोटात घेईल असं ते नाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते नाव आपण हरतो आहोत, हे त्यांना दिसत होतं. मधे बैठक थांबवून वाटाघाटी झाल्या, पुष्कळ दुरुस्त्या मागे घेतल्या गेल्या आणि संध्याकाळी मतं पडली. हिंदुस्थानी हरली. पण घटनेच्या ३५१ व्या कलमात, हिंदीने कुणाकुणाकडून शब्द आणि शैली घ्यावी हे सांगताना, तिचं नाव एकदा येतं. मोठ्या घरातल्या जुन्या आत्येचं नाव लग्नपत्रिकेच्या तळाशी छापावं, तसं.

आणि त्याच दिवशी ती यादी मंजूर झाली, जिला आपण आठवं परिशिष्ट म्हणतो. तिच्यात चौदा नावं होती : आसामी, बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, काश्मिरी, मल्याळम, मराठी, उडिया, पंजाबी, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. भाषेपुढे धर्माचा रकाना नव्हता. फाळणीला दोनच वर्षं झाली होती, निर्वासितांच्या छावण्या अजून उठल्या नव्हत्या, आणि अशा वेळी या सभागृहाने उर्दूला भारताची भाषा म्हणून लिहून ठेवलं. ही गोष्ट लहान नाही.

पण यादी म्हटली की कुणीतरी बाहेर राहतंच. जयपालसिंह मुंडा त्याच दिवशी बोलले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे हे कर्णधार. मुंडारी, गोंडी आणि ओरावांची भाषा, एवढी तीनच नावं यादीत घाला, अशी त्यांची दुरुस्ती होती. या देशातल्या सर्वांत जुन्या लोकांच्या भाषा म्हणून तेवढा मान द्या, एवढंच त्यांचं मागणं. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या उल्हासनगरच्या छावणीत हजारो सिंधी कुटुंबं त्या वेळी नव्याने संसार मांडत होती. त्यांची सिंधीही यादीत नव्हती. ती आली १९६७ मध्ये. १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आल्या. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी आल्या. आज यादीत बावीस भाषा आहेत.

जयपालसिंहांच्या तीन भाषा मात्र अजून बाहेरच आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृतचा मान कमी करावा म्हणून हे सांगत नाही, ती तर साऱ्यांची ठेव आहे. पण गडचिरोलीतलं गोंडी मूल पहिल्या दिवशी शाळेत जातं, तेव्हा त्याच्या आईची बोली फळ्यावर नसते, पुस्तकात नसते. ते तिथे कसं बसत असेल, याची थोडी कल्पना मला आहे.

माझं म्हणाल तर मराठी मला शाळेने दिली आणि कवितेने ती माझी केली. शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून शाहीर अमरशेखांपर्यंत आमच्यातले कितीतरी लोक या भाषेत राहून गेले. तरी कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी भलं माणूस जवळ येऊन म्हणतंच, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" मी आभार मानतो. त्या शाळेतल्या कारकुनाने माझं नाव ऐकून रकाना भरला, तेच हा माणूस प्रेमाने करत असतो. अशा वेळी मला धुळेकर आठवतात आणि संस्कृतसाठी उभे राहिलेले नझिरुद्दीन अहमद आठवतात.

पण दोष दुसऱ्यालाच कशाला द्यायचा? माझ्या मुलीला शाळेत घातलं तेव्हा अर्ज मीच भरला. मातृभाषेच्या रकान्यात ऐटीत 'मराठी' लिहिलं. घरी आल्यावर अम्मीने विचारलं, "क्या लिख्या रे?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, भाकऱ्या थापत राहिली. जिच्या तोंडून मी पहिला शब्द ऐकला, त्या तिच्या दखनीला मीही यादीबाहेरच ठेवलं होतं. अब्बांनी निदान कारकुनाशी हुज्जत तरी घातली होती. मी तेवढंही केलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)