परवलीची किल्ली

राजगडावरून उतरलो तेव्हा गुंजवण्यात पाऊस कोसळत होता. रिमोटचे बटण दाबले तर आमची जुनी गाडी ढिम्म. किल्लीने दार उघडले, गाडीही सुरू झाली. घरी भोरला येऊन नवा सेल घातला, तरी रिमोट मुकाच. पाण्याने आतले सर्किट गेले होते. चावीवाल्याने दुसरा रिमोट काढला आणि म्हणाला, “आता गाडीला याची ओळख करून देऊ.”

या रिमोटचे कूळ फ्रान्सचे. १९८२च्या सुमारास रेनॉच्या ‘फ्युएगो’ गाडीला दुरून उघडणारे कुलूप बसले. ते पॉल लिपशुट्झ यांचे काम. त्यांच्या नावावरूनच फ्रेंच माणूस गाडीच्या रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतो. सुरुवातीचे प्लिप टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरणांवर चालत, त्यामुळे गाडीकडे नेम धरावा लागे.

पुढे रेडिओलहरी आल्या. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. नेम धरायचे गेले, पण चोराची सोय झाली. रोज तोच संकेत हवेतून जाणार. एकदा टिपला की गाडी त्याचीच.

तोडगा निघाला दक्षिण आफ्रिकेत, १९८०च्या दशकात. त्याचे नाव ‘कीलॉक’. पहाऱ्यावरचा परवलीचा शब्द बदलत राहावा, तशी ही युक्ती. रिमोट आणि गाडी, दोघांकडे एकच गुप्त आकडा आणि एकच मोजणी. प्रत्येक दाबाला मोजणी एकाने सरकते, संकेत पार बदलतो आणि कालचा संकेत गाडी मानत नाही. पण घरी पोराने चाळा म्हणून बटण दाबले तर? मोजणी १६ घरांपर्यंत पुढे गेली असेल तर गाडी चालवून घेते. त्यापुढे गेली असेल तर लागोपाठ दोन दाब मागते. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली ही सोय मला मूळ युक्तीहून मोठी वाटते. १९९५मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने हे तंत्र विकत घेतले. २००८मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते भेदूनही दाखवले.

आमचे सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेले. चावीवाल्याने डॅशबोर्डखालच्या डबीवरचे बारके बटण दाबून धरले, नवा रिमोट दाबला आणि दारे खटकन उघडली. काही गाड्यांत त्यासाठी किल्ली ठरावीक वेळा फिरवावी लागते. दिसायला हुबेहूब रिमोट घेऊन भागत नाही, आतली कोडची पद्धत जुळावी लागते. आणि नवी ओळख शिकताना काही गाड्या जुन्या ओळखी पुसून टाकतात. म्हणून चावीवाल्याकडे जाताना घरातले सगळे रिमोट सोबत न्या.