टेपमधली अर्धी चित्रं

तुमच्या घरात एखाद्या खोक्यात मिनीडीव्ही किंवा हाय-एट कॅसेट पडून असतील. कुणाचं बारसं, कुणाची मुंज, पहिल्यांदाच परदेशात आलेले आजी-आजोबा. त्यातलं थोडंफार तुम्ही २००६-०७ च्या सुमारास यूट्यूबवर चढवलंही असेल आणि 'आता हे सुरक्षित झालं' म्हणून निश्चिंत झाला असाल. ती निश्चिंती कितपत खरी आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

टेलिव्हिजन १९३० च्या दशकात आकाराला येत होता तेव्हा अडचण अशी होती, की पूर्ण चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा पाठवणं परवडणारं नव्हतं आणि कमी वेळा पाठवलं तर पडदा लुकलुकायचा. त्यावर तोडगा निघाला तो अर्ध्या चित्राचा. आधी एकाआड एक ओळी पाठवायच्या, मग उरलेल्या. या प्रत्येक अर्ध्या चित्राला म्हणतात फील्ड. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे सेकंदाला साठ फील्ड ठरली, युरोपात पन्नास. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं ते पन्नासवाल्या 'पाल' पद्धतीचं. ब्रिटन, आखात आणि इस्रायलही पालमध्येच. अमेरिका मात्र 'एनटीएससी'त.

ही फाळणी आपल्या कॅसेटमध्ये दिसतेही. अमेरिकेत घेतलेल्या कॅमकॉर्डरवर भारतात लग्न चित्रित केलं असेल, तर कार्यालयातल्या ट्यूबलाइट टेपवर फडफडताना दिसतील. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते, कॅमेरा साठदा बघतो. दोघांचा ताल जुळत नाही.

१९९५ मध्ये डीव्ही आलं आणि घरगुती चित्रणाचा दर्जा एकदम उंचावला. एनटीएससीत ७२० बाय ४८० बिंदू, पालमध्ये ७२० बाय ५७६. तासाभराची फाइल साधारण १३ जीबी. फील्ड मात्र तशीच राहिली. दोन अर्धी चित्रं म्हणजे दोन वेगळे क्षण. म्हणून त्या टेपवरची हालचाल इतकी सलग वाटते.

मग २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं. सुरुवातीची मर्यादा होती १०० एमबी, आणि मार्च २००६ पासून दहा मिनिटं. दहा मिनिटांचं डीव्ही दोन जीबीच्या वर जातं. म्हणजे चढवण्याआधीच आपण ते विसाव्या हिश्श्यापेक्षा कमी केलेलं असे. त्यावर साइट ते पुन्हा दाबून ३२० बाय २४० ची फ्लॅश फाइल बनवी. हिशोब करा: एनटीएससी चित्रातल्या दर नऊ बिंदूंपैकी सात गळाले, आणि दर दोन क्षणांपैकी सहसा एक. फील्ड वेगळी न करताच फाइल चढवली असेल, तर हलत्या माणसाच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा येत.

२००८ च्या अखेरीस ७२० ओळींचं चित्रण आलं, २००९ मध्ये १०८० चं, २०१४ मध्ये सेकंदाला साठ चित्रं. पण तुम्ही चढवलेल्या फाइलमध्येच जे नव्हतं, ते साइट आणणार कुठून? तिथे दिसतो तो दर्जा २००६ च्या इंटरनेटचा आहे, तुमच्या कॅसेटचा नव्हे.

म्हणून कॅसेट अजून चालत असेल तर नव्याने सुरुवात करा. मिनीडीव्ही असेल तर फायरवायरनेच उतरवा. त्यात टेपवरचे आकडे जसेच्या तसे येतात. ती मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका. चढवण्यासाठी वेगळी प्रत करा. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'डीइंटरलेस'चा 'बॉब' पर्याय निवडला, की प्रत्येक फील्डचं एक पूर्ण चित्र होतं: सेकंदाला पन्नास किंवा जवळपास साठ. चित्राची उंची ७२० किंवा १०८० ओळींपर्यंत वाढवा. त्याने तपशील वाढत नाही. पण यूट्यूब ५०-६० चित्रांचा वेग ७२० पासून पुढेच देतं, त्याखाली तो निम्मा होतो. रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ च ठेवा, नाहीतर आजोबा उगाच जाडे दिसतील.

जुना व्हिडिओ काढून टाकू नका. त्याच दुव्यावर नवी फाइल बसवता येत नाही, आणि खाली कुणीकुणी लिहिलेलं त्या जुन्या व्हिडिओबरोबरच जाईल. कदाचित लिहिणाऱ्यांपैकी काही आता नसतीलही. नवा शेजारी चढवा, वर्णनात एकमेकांचे दुवे द्या.

घाई मात्र करायला हवी. शेवटचे व्हीसीआर २०१६ मध्ये बनले, मिनीडीव्हीचे कॅमेरे जुन्या बाजारातच मिळतात, नव्या लॅपटॉपना फायरवायरचं तोंड नसतं. टेपवरचा चुंबकीय थरही वर्षागणिक झिजतो आहे. पुढच्या सुट्टीत ते खोकं काढा, आणि ज्या कॅसेटमधली माणसं आता भेटणार नाहीत, ती आधी उतरवा.