निराधार साहाय्य व सज्ञान अपत्य

वृद्ध, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग इत्यादींना शासनाकडून मिळणारे रोख वा धान्यरूप साहाय्य त्यांच्या घरात कोण राहते, यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेला मुलगा अथवा सासरी गेलेली मुलगी कायमची घरी परत आली, म्हणजे त्या घरातील साहाय्याची पात्रता व प्रमाण या दोहोंत फरक पडतो. हा प्रश्न सर्वत्र आढळतो; तथापि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

आईबापांचे पोषण हे अपत्याचे कर्तव्य होय, ही कल्पना भारतात प्राचीन आहे. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेनुसार वृद्ध मातापित्यांना पोसण्याचे पुत्राचे दायित्व वैयक्तिक होते; वडिलार्जित मालमत्ता हाती आली असो वा नसो, त्यातून सुटका नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हे दायित्व मुलगा व मुलगी या दोघांवरही ठेवले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) १२५ व्या कलमान्वये विवाहित मुलीकडूनही निर्वाहखर्च मागता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पुत्र व कन्या यांच्यात भेद उरला नाही. साहाय्याच्या नियमांत मात्र तो राहिला आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

घरातील कमावत्या मुलाकडे बोट दाखवून आईबापांचे साहाय्य कमी करण्याची पद्धत इंग्लंडमध्येही होती. तेथे १९३१ मध्ये दीर्घकालीन बेकारांच्या साहाय्यासाठी घरातील सर्वांची मिळकत एकत्र मोजण्याची कसोटी लागू करण्यात आली. मुलगा कामावर लागला, की बापाचा भत्ता घटे. त्यामुळे मुलांनी घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहण्याचे प्रकार घडले व या कसोटीविषयी लोकांत तीव्र संताप निर्माण झाला. १९४१ मध्ये ती रद्द झाली आणि १९४८ च्या कायद्याने सज्ञान अपत्यांवरील आईबापांच्या पोषणाचे दायित्वही तेथे संपुष्टात आले. घरभाड्याच्या साहाय्यातून सज्ञान अपत्याचा गृहीत वाटा वजा करण्याची प्रथा मात्र पुढेही चालू राहिली.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. ज्याला आधार देणारे कोणी नाही तो निराधार, असा या शब्दाचा सरळ अर्थ. परंतु आधार असणे आणि आधार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून लागू केलेल्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या निकषात ६५ वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या साधनांतून किंवा कुटुंबीयांकडून निर्वाहाचे नियमित साधन नसावे, अशी अट होती. म्हणजे निदान शब्दांत तरी प्रत्यक्ष मिळणाऱ्या मदतीचा विचार होता. २००७ मध्ये हा निकष बदलून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील व्यक्ती हा नवा निकष आला. यामुळे लाभार्थींची संख्या वाढली हे खरे. पण मोजणीचे एकक व्यक्तीऐवजी कुटुंब झाले, आणि घरात नोंदला गेलेला प्रत्येक सज्ञान मनुष्य त्या मोजणीत आला.

राज्याच्या २००८ व २०१० च्या नियमांनी निराधार अनुदान व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठरविली. (कावडीतून आंधळ्या आईबापांना वाहून नेणाऱ्या पुत्राचे नाव योजनेस द्यावे आणि त्याच वेळी पुत्राच्या कमाईवरून वृद्धांना अपात्र ठरवावे, हा योगायोग लक्षणीय आहे.) निराधार अनुदानाच्या बाबतीत लाभार्थीचा मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत अथवा त्यास नोकरी लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर अनुदान चालू राहील व त्यानंतर कुटुंबाचे उत्पन्न पाहून पात्रता ठरेल, असा नियम होता. लाभार्थीस केवळ मुलीच असतील, तर त्या २५ वर्षांच्या झाल्या किंवा विवाह होऊन नांदावयास गेल्या, तरी लाभ खंडित होत नसे. काही वर्गांपुरती ही अट पुढे शिथिल झाली.

उत्पन्नमर्यादेचा अर्थ आकड्यांवरून कळतो. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. परत आलेल्या मुलाला शेतमजुरीचे महिन्यातून थोडे दिवस काम मिळाले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. अनुदानाची मासिक रक्कम ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. त्या वेळीही दिव्यांगांव्यतिरिक्त इतरांसाठी मर्यादा तीच होती. म्हणजे वर्षाचे अनुदानच १८,००० रुपये आणि अपात्रतेची रेषा २१,००० रुपयांवर, अशी विसंगती उत्पन्न झाली. पात्रता ठरविण्याचे काम तालुका समिती व तहसीलदार यांच्याकडे असते. त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या चौकशीवर अवलंबून असल्याने, घरात कोण राहते हे प्रथम पाहणारा शासकीय मनुष्य बहुधा तलाठीच होय.

कोल्हापूर जिल्ह्याचे आजरा, चंदगड, गडहिंग्लज व भुदरगड हे तालुके मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरविणारे होते. पुरुष गिरणगावात गावकरी मंडळाच्या खोल्यांत राहत, खानावळीत जेवत. आईबाप, बायको व मुले गावी तुटपुंज्या जमिनीवर राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. तो औपचारिकपणे कधीच मिटला नाही. अनेक कामगार गावी परतले ते कायमचेच. घरी मनीऑर्डर येत होती तोवर मुलगा दूर असूनही आधार होता. तो घरी आला तेव्हा घरातील खाणारे तोंड वाढले आणि पैसा थांबला. मुलगा घरी नाही म्हणून आई निराधार आणि मुलगा घरी आला म्हणून ती साधार, हे कागदी समीकरण येथे नेमके उलटे पडते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून परतलेल्यांच्या बाबतीतही हीच स्थिती थोड्या काळापुरती पुन्हा दिसली.

धान्याच्या बाबतीत नियम वेगळा, म्हणून परिणामही वेगळा. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका उत्पन्नानुसार देण्यात आल्या. अंत्योदय पत्रिकेवर दरमहा ३५ किग्रॅ. धान्य कुटुंबाला मिळते. एकटी वृद्धा असो वा तिच्याकडे परतलेला मुलगा, सून व नातवंडे असोत, धान्य तेवढेच. याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किग्रॅ. धान्य असल्याने नाव वाढले की धान्य वाढते. मात्र त्यासाठी ग्रामीण भागात ४४,००० व शहरी भागात ५९,००० रुपये ही वार्षिक उत्पन्नमर्यादा राज्याने ठरविली. शिवाय जुन्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागे. यातून चूल वेगळी दाखवून पत्रिका विभक्त करून घेण्याचा मार्ग रूढ झाला. त्यास सरसकट लबाडी म्हणणे योग्य नाही. एकाच छपराखाली दोन चुली असणे हे कोल्हापूरकडील खेड्यांत नवे नाही आणि भावाभावांतील वाटण्या कागदावर येण्यापूर्वी चुलीवर होतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरातही सानुग्रह अनुदान कुटुंबामागे (ग्रामीण भागात १०,००० व शहरी भागात १५,००० रुपये) असल्याने, कुटुंब कोणते हा प्रश्न शिरोळ, करवीर या पूरग्रस्त तालुक्यांत महत्त्वाचा ठरला.

रोजगार हमीत व्यक्ती व कुटुंब यांतील फरक आणखी स्पष्ट होतो. १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने (अंमल २६ जानेवारी १९७९) ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस कामाचा हक्क दिला होता. परतलेल्या मुलामुळे आईचा हक्क कमी होत नसे. २००५ च्या केंद्रीय कायद्यातील १०० दिवसांची हमी मात्र कुटुंबाला होती. एकाच ओळखपत्रावरील सर्वांना ते दिवस वाटून घ्यावे लागत. त्यापुढील कामाचा भार महाराष्ट्र शासनाने उचलल्याने येथे त्याची झळ तुलनेने कमी बसली.

मुलगी माहेरी परतली, तर नियमांची मांडणी निराळी होते. परित्यक्ता व पोटगी न मिळणारी घटस्फोटिता यांना निराधार अनुदानाचा स्वतंत्र हक्क आहे. तिच्या कमाईचा उल्लेख आईच्या उत्पन्नाच्या दाखल्यात येऊ शकतो, परंतु ‘कमावते अपत्य’ म्हणून नियमांनी तिला गृहीत धरलेले नाही. वस्तुस्थिती या गृहीताशी नेहमी जुळत नाही. गडहिंग्लज परिसर हे १९७० नंतरच्या काळात देवदासी-निर्मूलन चळवळीचे एक केंद्र होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेली मुलगी आईबापांच्याच घरी राही, त्यांना पोसे आणि मुलाप्रमाणे वारसही मानली जाई. मुलगा नसलेल्या दरिद्री घरांत मुलगी वाहण्यामागे हेही एक कारण असे. देवदासींचा समावेश निराधार अनुदानाच्या पात्र वर्गांत आहे, तो त्या स्वतः निराधार आहेत म्हणून; त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांचा विचार त्यात नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रियांबरोबर कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीस पात्र ठरविण्यात आले. त्यामुळे नवऱ्याने टाकलेली मुलगी घरी आली, तर तिला स्वतःच्या नावावर लाभ मिळू शकतो. घरी दोन अविवाहित मुली असतील, तर त्यांपैकी एकीलाच.