फोन तुमचा, कुलपं कुणाची?

जाहिरातीत ‘अनलॉक्ड’ हा शब्द दिसला की आपण समजतो, फोन मोकळा आहे, कुठलंही सिम घाला आणि वापरा. तेवढ्यापुरतं ते बरोबरही असतं. पण ज्याला फोनमधलं गूगल काढून ग्राफीनओएस किंवा लिनिएजओएससारखी, खासगीपणा जपणारी सिस्टिम टाकायची आहे, त्याला हाच शब्द दगा देतो. अमेरिकेतल्या भाच्याने येताना आणलेला ‘अनलॉक्ड’ पिक्सेल इथे जिओवर, एअरटेलवर झकास चालतो. सिस्टिम बदलायला बसलं की मात्र सेटिंगमधलं नेमकं हवं ते बटण राखाडी होऊन बसलेलं असतं, दाबलं जातच नाही.

याचं कारण असं की फोनला एक नाही, तीन कुलपं असतात. पहिलं सिमचं, दुसरं सिस्टिमचं, तिसरं अ‍ॅपचं. तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे आहेत, आणि पैसे मोजून फोन विकत घेणारे आपण त्या यादीत बहुतेक वेळा नसतोच. हे असं कसं झालं याचा इतिहास जुना आहे आणि मजेशीरही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

आधी एका कपाची गोष्ट

विसाव्या शतकात अमेरिकेत टेलिफोनवर एटी अँड टी कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. घरातला फोन कंपनीचा, ग्राहक फक्त भाडेकरू. फोनला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायची नाही असा कंपनीचा नियम. त्या काळात ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वस्तू मिळायची. बोलायच्या टोकावर बसवायचा कपासारखा तुकडा. तो लावला की शेजारी बसलेल्याला तुमचं बोलणं ऐकू जायचं नाही. ना वायर, ना वीज.

एटी अँड टीला तेवढंही खपलं नाही. प्रकरण तिथल्या दळणवळण आयोगाकडे गेलं आणि १९५५ मध्ये आयोगाने कंपनीची बाजू घेतली. १९५६ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. दुसऱ्या कुणाला त्रास होत नसेल तर आपला फोन आपल्या सोयीने वापरायचा ग्राहकाला हक्क आहे, असा त्याचा मथितार्थ. पुढे १९६८ मध्ये ‘कार्टरफोन’ प्रकरणात आयोगानेच बाहेरची यंत्रं जोडायला परवानगी दिली. दुसऱ्या कंपन्यांची आन्सरिंग मशीन आणि मोडेम लोकांच्या फोनलाइनवर येऊ शकले ते त्या दारातून.

लक्षात घ्या, ‘फोनला मी काय लावायचं ते कोण ठरवणार’ या भांडणाच्या मुळाशी असलेली ती वस्तू खासगीपणासाठीच होती. आज जो माणूस फोनमध्ये वेगळी सिस्टिम टाकतो, तो त्या कपवाल्याचाच वारसदार.

आपल्याकडे तेव्हा हा प्रश्नच नव्हता. टपाल व तार खात्याचा तो काळा जड फोन सरकारी होता. नंबर लागायलाच वर्षानुवर्षं जायची. फोन आला याचंच पेढे वाटण्याइतकं अप्रूप, मालकी कोण विचारतो!

पहिलं कुलूप: सिमचं

मोबाइल आले आणि कंपन्यांनी फोन स्वस्तात द्यायला सुरुवात केली. अट एकच, आमचंच नेटवर्क वापरायचं. २००७ मध्ये अमेरिकेत पहिला आयफोन आला तो एटी अँड टीला बांधलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ नावाच्या १७ वर्षांच्या पोराने तो मोकळा करून दाखवला.

कायदा मात्र विचित्र जागी अडकला होता. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरू शकत होतं. त्यातून सवलत कुणाला द्यायची हे दर तीन वर्षांनी ठरवतात लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख. म्हणजे फोनचं सिमलॉक काढावं की नाही हे ग्रंथपालांच्या हातात! २००६ पासून सवलत होती. जानेवारी २०१३ पासून नव्या फोनसाठी ती संपली. लोक चिडले. व्हाइट हाउसच्या याचिकेवर १ लाख १४ हजारांहून जास्त सह्या झाल्या. शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सिमलॉक काढायला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली.

भारतात आपण तुलनेने सुदैवी. इथे हँडसेट वेगळा घ्यायचा आणि प्रीपेड सिम वेगळं, हीच रीत पडली. अपवाद होतेच. २००३ च्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून मिळालेले रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवतात? त्यात सिमच नव्हतं. नंबर फोनमध्येच कोरलेला. रिलायन्स सोडायची तर फोनही गेला. २०१७ चा जिओफोन फक्त जिओच्याच सिमवर चालायचा. गंमत बघा, जिओफोनची घोषणा जुलै २०१७ ची, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. पाच आठवड्यांचं अंतर.

तरी एकूण हिशेब असा की पहिलं कुलूप लोकांनी आरडाओरडा करून उघडायला लावलं.

दुसरं कुलूप: बूटलोडरचं

फोन सुरू केल्याक्षणी आत एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. वाड्याच्या दिंडीदरवाज्यावरचा पहारेकरी समजा. पुढे येणाऱ्या सिस्टिमवर ओळखीचा शिक्का आहे का हे तो तपासतो. नसेल तर आत सोडत नाही. हा पहारा चांगल्या कामासाठीही आहे. फोन कुणाच्या हाती पडला तर त्यात गुपचूप भलतीच सिस्टिम घालता येऊ नये. प्रश्न एवढाच की पहारेकऱ्याला ‘हा माझा माणूस, याला आत घे’ असं सांगायची मुभा घरमालकाला आहे की नाही.

गूगलने सुरुवातीला ती दिली. २०१० च्या नेक्सस वनचा बूटलोडर एका कमांडने उघडायचा. त्याच्या आधीच, २००९ मध्ये, स्टीव्ह कोंडिक या प्रोग्रॅमरने सायनोजेनमॉड सुरू केलं होतं. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला, तो घ्यायचा, सुधारायचा आणि लोकांना फुकट द्यायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलची कायदेशीर नोटीस आली: कोड खुला आहे, पण जीमेल, मॅप्स, अ‍ॅपचं दुकान ही आमची अ‍ॅप्स, ती वाटायची नाहीत. अँड्रॉइड खुलं आणि गूगलची अ‍ॅप्स बंद, हा फरक तेव्हा लोकांना पहिल्यांदा नीट कळला. आजच्या सगळ्या खासगी सिस्टिम त्या फटीतूनच उगवल्या आहेत.

या गोष्टीला एक भारतीय अध्यायही आहे. पुढे सायनोजेनची कंपनी झाली. वनप्लस वन हा फोन तीच सिस्टिम घेऊन डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आला. पण कंपनीने भारतातले हक्क मायक्रोमॅक्सला, त्यांच्या ‘यू’ ब्रँडसाठी, देऊन टाकले होते. मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली आणि वनप्लसच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली. मोकळेपणासाठी सुरू झालेल्या सिस्टिमवरून ‘ही फक्त आमची’ असं भांडण! वनप्लसने धडा घेऊन स्वतःची सिस्टिम काढली. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनचं दुकान बंद झालं आणि स्वयंसेवकांनी तोच कोड लिनिएजओएस या नावाने पुढे चालू ठेवला.

दरम्यान जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि ‘हौस’ म्हणून चाललेल्या या उद्योगाला वेगळं वजन आलं. डॅनियल मिके या प्रोग्रॅमरचं सुरक्षिततेवरचं काम आधी कॉपरहेडओएस या नावाने चाललं. २०१८ मध्ये भागीदारांत फाटलं आणि त्या कामातूनच आजचं ग्राफीनओएस उभं राहिलं. त्यात गूगलची अ‍ॅप्स मुळात नसतात. घातली तरी ती इतर अ‍ॅपसारखीच पिंजऱ्यात राहतात. कुठल्याही अ‍ॅपचं इंटरनेट तुम्ही बंद करू शकता.

आणि हे चालतं कशावर? गूगलच्याच पिक्सेलवर. यात विनोद आहे, पण कारणही पक्कं आहे. पिक्सेलचा बूटलोडर उघडून दुसरी सिस्टिम टाकता येते आणि मग आपल्या नव्या सिस्टिमचा शिक्का पहारेकऱ्याला देऊन दार पुन्हा बंद करता येतं. बाकीच्या बहुतेक फोनवर दार उघडलं की ते कायम सताड उघडंच राहतं. गूगल गेलं, पण चोराची सोय झाली.

बाकीच्या कंपन्यांनी हळूहळू हात आखडते घेतले. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणं थांबवलं. शाओमीकडे अर्ज करून थांबावं लागतं. सॅमसंगमध्ये बूटलोडर उघडला की आतला एक फ्यूज कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात. अमेरिकेत व्हेरायझनने विकलेला पिक्सेल सिमच्या दृष्टीने मोकळा झाला तरी त्याचा बूटलोडर बंदच राहतो. वर सांगितलेल्या राखाडी बटणाचं रहस्य हेच. गूगलनेही जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ सोबत पिक्सेलसाठीच्या काही महत्त्वाच्या फाइली खुल्या करणं बंद केलं. यातल्या कशाविरुद्धही लाखभर सह्यांची याचिका झाली नाही. हे कुलूप लोकांना दिसतच नाही.

तिसरं कुलूप: अ‍ॅपचं

समजा सगळं जमलं. योग्य फोन, योग्य सिस्टिम, दारही बंद. आता वाण्याकडे क्यूआर स्कॅन करायला जा. बँकेचं अ‍ॅप गूगलला विचारतं, हा फोन मान्यताप्राप्त आहे का? पूर्वी या तपासणीला सेफ्टीनेट म्हणायचे, आता प्ले इंटिग्रिटी. गूगलने प्रमाणित केलेली सिस्टिम नसेल तर काही अ‍ॅप चालतात, काही सरळ नकार देतात. वर्षानुवर्षं सुरक्षा अपडेट न मिळालेला जुना फोन अनेक अ‍ॅप्सना चालतो, आणि त्याहून कितीतरी सुरक्षित फोन केवळ शिक्का वेगळा म्हणून बाहेर उभा.

अमेरिकेत हा त्रास असेल. आपल्याकडे ती नागरिकत्वाची अडचण आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं त्यावर चालतं. म्हणजे खासगीपणा हा मूलभूत हक्क खरा, पण तो वापरला तर कोथिंबिरीचे दहा रुपये देता येणार नाहीत अशी गत.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या काढण्यापासून कंपन्यांना रोखणारे करार हा त्यातला एक मुद्दा. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दुसरीकडे, दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच घालायला सांगितलं. गदारोळ झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. दोन्हीकडे भांडण एकच, माझ्या फोनमध्ये काय असावं हे कोण ठरवणार. आणि दोन्हीकडे दिसलं की बोललं तर फरक पडतो.

मग घ्यायचा असेल तर?

१. विकणाऱ्याला ‘अनलॉक्ड आहे का’ असं विचारू नका. ‘बूटलोडर उघडतो का’ विचारा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण इंटरनेट चालू असताना दाबता आलं पाहिजे. सेकंडहँड फोनचे पैसे त्यानंतरच द्या.

२. अमेरिकेतून मागवत असाल तर मोबाइल कंपनीच्या दुकानातला नको, गूगलकडून थेट घेतलेला सांगा. भारतात अधिकृतपणे विकलेल्या पिक्सेलला ही अडचण नाही.

३. अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. अपडेट संपलेल्या फोनवर कुठलीच खासगी सिस्टिम फार काळ तग धरत नाही.

४. बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, बंद करताना पुन्हा. आधी बॅकअप घ्या.

५. बँकेच्या अ‍ॅपची चौकशी आधी करा. नाहीच चाललं तर इंटरनेटशिवाय चालणारी *९९# सेवा आहे, किंवा जुना फोन फक्त पैशांसाठी घरात ठेवा.

आणि एक भ्रम नको. सिस्टिम बदलली तरी तुम्ही कुठे आहात हे मोबाइल टॉवरला कळतंच. सिम तुमच्याच आधारवर आहे. व्हॉट्सअ‍ॅप वापरलंत तर कुणाशी कधी बोललात याची माहिती त्यांच्याकडे जातेच. पहाऱ्यावरचा माणूस तुमचा झाला म्हणून गावातले सगळे डोळे मिटत नाहीत.

पहिलं कुलूप उघडलं कारण लोकांना ते दिसत होतं. सिम चालत नाही म्हटल्यावर माणूस ओरडतोच. दुसरं आणि तिसरं दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. निदान तिसऱ्याबद्दल तरी आपण मागणी करू शकतो. ज्या देशात पैसे देण्याची मुख्य वाट फोनमधून जाते, तिथे कुठला फोन विश्वासाचा हे एका परदेशी कंपनीच्या शिक्क्यावर का ठरावं? फोन खरोखर सुरक्षित आहे का, हे बँकांनी स्वतः तपासावं. त्यासाठी लागणारी सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ग्राफीनओएसच्या किल्ल्यांची यादीही उघड आहे. कमी आहे ती विचारणाऱ्यांची.

ज्यांच्या फोनवर अशी सिस्टिम आहे त्यांनी कुठल्या बँकेचं अ‍ॅप चालतं आणि कुठलं नाही ते खाली लिहा. यादी मोठी झाली की ती जोडून बँकांच्या तक्रार विभागांना पत्र पाठवू.