दोन थाऊंची फट

बेळगावच्या आठवणी निघाल्या की नाटकं येतात, कुंदा येतो, सीमाप्रश्न येतो. लेथवरच्या माणसांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर केले. १९१० साली ते औंध संस्थानात गेले, किर्लोस्करवाडी वसली. पण लोखंडाचं काम बेळगावानं सोडलं नाही. उद्यमबागेत जाऊन बघा.

आमच्या वडिलांचं इंजिन रिबोअरचं छोटं वर्कशॉप होतं. ओतीव लोखंडाचा सिलिंडर झिजला की तो बोअर करायचा आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा. खरी कसोटी दोघांमधल्या फटीची. ती थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मोजत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ७० मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१६ मिमी वाढतो. तेवढाच तापलेला लोखंडी सिलिंडर ०.०८ मिमीच. फट कमी पडली तर पिस्टन जाम, जास्त झाली तर खडखड.

मग खानापूरच्या जंगलपट्टीतून चेनसॉ यायला लागल्या. पावसात झाड आडवं झालं की रस्ता तिनंच मोकळा व्हायचा, त्यामुळं माणसं घाईत असायची. "बोअर मारून द्या की!" पण हिचा सिलिंडरही ॲल्युमिनियमचा, आत निकेल किंवा क्रोमचा पातळ थर. बोअर मारला की थरच जातो. म्हणजे वडिलांची अर्धी विद्या इथं चालेना.

उरलेली अर्धी मात्र चालली, ती मापायची. पिस्टन वरून खालपर्यंत सारखा नसतो, थोडा अंडाकृतीही असतो. म्हणून माप घ्यायचं खाली स्कर्टवर, पिनेला काटकोनात. सिलिंडर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मापायचा. पोर्टची जागा सोडून. दोन्ही गार हवेत. वजाबाकी केली की फट कळते. ती कंपनीच्या मापात बसली तरच जोडायचं.

आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला ओरबाडलेला दिसला, तर वडील आधी विचारायचे, "पेट्रोलात ऑइल किती घालतोस रे?" हवा कुठून गळते का, तेही बघायचे. कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन घातला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

आता नवा किट आणायचा, न मापता बसवायचा, अशी रीत झालीय. मापणारे हात कमी होत चाललेत. निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडं कुणाच्या घरी असं वर्कशॉप होतं का? असेल तर खाली जरूर लिहा. ही माणसं कुठल्या पुस्तकात नाहीत.