पाण्यावरचा पीसी आणि पुण्याचा परम

आजच्या भागाला निमित्त आहे माझा चुलतभाऊ. राहतो पनवेलला, खांदा कॉलनीत. दोन वर्षं पैसे साठवून तो गेमिंग पीसी बांधतोय, तोही कस्टम लूपवाला. म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचे वॉटरब्लॉक, नळ्यांतून फिरणारं पाणी, एक पंप, एक रेडिएटर. पार्ट्सची यादी पाठवून म्हणाला, "दादा, बघ ना जरा. एकदा घेतलं की परत नाही."

यादी बघताना मला पुण्यातली एक जुनी यादी आठवली. त्या वेळी मी जन्मलोही नव्हतो, पण गोष्ट भारी आहे.

1980 च्या दशकात जगातला सगळ्यात वेगवान संगणक म्हटलं की 'क्रे' हेच नाव यायचं. ही यंत्रं इतकी तापायची की पंख्याचं कामच नव्हतं. क्रे-1 मध्ये फ्रिऑन फिरवायचे, त्या काळच्या फ्रिजमध्ये असायचा तसला वायू. 1985 च्या क्रे-2 मध्ये तर सगळी सर्किट्स फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून ठेवलेली. आज यूट्यूबवर लोक पीसी तेलात बुडवतात ना, त्याचे हे आजोबा.

भारतालाही क्रे हवा होता. अमेरिकेला भीती, की अण्वस्त्रांच्या गणितासाठी वापरतील. शेवटी मिळाला तो एक्स-एमपी/14, धाकटं मॉडेल, फक्त हवामानाच्या अंदाजासाठी, दिल्लीत, वर अटी. बाकीच्या शास्त्रज्ञांनी काय करायचं? 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मुदत तीन वर्षं.

आता प्रश्न तोच, माझ्या भावाचा: कुठले पार्ट्स घ्यायचे?

क्रेसारखा एकच दांडगा, तापट प्रोसेसर बनवायचा तर तसे भाग कोणी विकणार नव्हतं. मग त्यांनी उलटा विचार केला. बाजारात सरळ मिळणारी छोटी चिप घ्यायची आणि अशा खूप चिप्स एकमेकींना जोडायच्या. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची टी800 ट्रान्सप्युटर ही चिप निवडली. तिला शेजारणींशी बोलायला चार लिंक होत्या, म्हणजे जाळं विणायलाच जन्मलेली. आणि वीज इतकी कमी खायची, की फ्रिऑनच्या नळ्यांची गरजच नाही! मला ही निवड प्रोसेसरच्या वेगापेक्षा जास्त हुशारीची वाटते. उष्णतेचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, टाळला. 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. 'परम' म्हणजे श्रेष्ठ, आणि 'पॅरलल मशीन'चं लघुरूपही.

पण गोष्ट इथे गोड होऊन थांबत नाही. इन्मॉस 1989 मध्येच विकली गेली होती आणि ट्रान्सप्युटर पुढे मागेच पडला. पीसीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सॉकेटच बंद पडला. सी-डॅकला पुढच्या परमसाठी आधी इंटेलच्या आय860 ची जोड द्यावी लागली, मग सनच्या चिप्सकडे वळावं लागलं. त्यासाठी सॉफ्टवेअरही नव्याने बसवायचं. भावाला मी पहिलं हेच विचारलं: हा मदरबोर्ड पुढची पिढी घेईल का?

आणि टाळलेली उष्णता? ती परत आली. 2019 मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसला, 797 टेराफ्लॉप्सचा. त्यात पाणी थेट चिपवरच्या ब्लॉकपर्यंत नेलंय. म्हणजे तत्त्व तेच, जे भावाच्या डब्यात असणार. कारण साधं आहे. तेवढ्याच हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं.

पनवेललाही हे लांबचं नाही. तिथल्याच हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 2020 मध्ये योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं आणि 2024 मध्ये एनव्हिडियाच्या एच100 चिप्सची पहिली खेप तिथे आली. एकेक चिप 700 वॉटपर्यंत जाते. भावाचं आरटीएक्स 4090 कार्ड 450 चं. दोन्ही एकाच गावात तापणार.

तर यादीचं काय झालं? रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता, तो काढायला लावला. तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज ठरलेला. नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड आणि त्यात गंज रोखणारं औषध. आणि लूप कितीही महाग असला तरी पाणी खोलीच्या तापमानाखाली जात नाही. मे महिन्यात खोली 35 अंशांवर असेल तर सुरुवातच तिथून. म्हणून एक रेडिएटर वाढवला आणि आरजीबी पंख्यांवर काट मारली. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

परवा व्हिडिओ कॉल आला. बाकी कशालाच करंट नाही, नुसता पंप चालू, खाली टिश्यू पेपर पसरलेले. चोवीस तास असंच ठेवायचंय. काकू मागून विचारत होत्या, "हे मासे ठेवायचंय का?"